पाट मी अक्काला दिला नाही

इंदू,

तुझे तेरावे काल पार पडले. मला हवे होते तसे पार पडले, आणि तुला ते मुळीच आवडले नसते. ही दोन्ही विधाने तुझ्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते. तू किती सोशीक होतीस, किती हसतमुख होतीस, हे गेले काही दिवस घरी आलेल्या प्रत्येकाने मला ऐकवले आहे. त्यात माझी भर नको. मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. आपले एक भांडण अर्धवट राहिले होते.

भांडण अक्काचे. माझ्या थोरल्या बहिणीचे.

तू गेलीस त्या सकाळी प्राचीने तुला हिरवी साडी नेसवली. आपल्या सुनेने निऱ्या नीट काढल्या. सवाष्ण गेलीस म्हणून सोसायटीतल्या बायका रांगेने येऊन तुला हळदकुंकू लावत होत्या. तेवढ्यात अक्का ठाण्याहून आली. येताना स्वतःचा चांदीचा करंडा घेऊन आली होती. ती खाली बसली, अंगठ्याने तुझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखले आणि मागे सरून पाहिले.

"आज किती सुरेख बसलंय बघा," ती म्हणाली. "मान कशी सरळ आहे. जरा हलली नाही."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. कुणीतरी "सुटली बिचारी" म्हणाले. मी भिंतीला टेकून उभा होतो. प्राचीने माझ्याकडे पाहिले आणि घाईघाईने विचारले, "बाबा, पाणी देऊ?" मी पाणी प्यायलो. भांडे खाली ठेवण्याआधी माझा निर्णय झाला होता.

हळदकुंकू तुझ्या कपाळाला शेवटचे कधी लागले होते, हे तुला आठवत असेल. ती संक्रांत होती आणि ते घर अक्काचे होते. तुझी मान नुकतीच डावीकडे ओढू लागली होती. शाळेत फळ्यावर नकाशा काढताना मुंबई सोडून तुझा चेहरा अरबी समुद्राकडे वळे, असे तूच सांगायचीस. मुली हसत. त्यांनी तुझी नक्कल केली तेव्हा तू वर्गात पृथ्वीचा गोल उचलून दाखवलास आणि म्हणालीस, "हिचाही अक्ष कललेला आहे. म्हणून तर ऋतू होतात. सरळ असती तर तुम्हाला मे महिन्याची सुट्टी मिळाली नसती." पुन्हा कुणी नक्कल केली नाही. मला वर्गात असे कधीच सुचले नसते. मी प्रयोगशाळेत रसायनांबरोबर आयुष्य काढले. रसायने नक्कल करत नाहीत.

त्या संक्रांतीला अक्काने कुंकू लावायला अंगठा पुढे केला आणि त्याच क्षणी तुझी मान वळली. कुंकू भुवईवरून कानापर्यंत फरफटत गेले. ओळीत बसलेल्या बायका पाहू लागल्या. अक्काने पदराने ते पुसले आणि पुन्हा लावले नाही. पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही. त्याऐवजी भाच्याबरोबर वाण आले, चहाची एक प्लास्टिकची गाळणी. "तुला एवढ्या लांब यायचा त्रास नको म्हणून, गं," असे अक्का फोनवर म्हणाली. त्यानंतर दरवर्षी वाण येत राहिले. साबणाची डबी, मिठाचे भांडे, पुन्हा एक गाळणी. बोलावणे कधी आले नाही. अक्काचे पाहून नात्यातल्या इतर घरांतूनही बोलावणी थांबली. तू त्या वस्तू घरात वापरायचीस. मी त्या गाळणीतला चहा प्यायलो नाही. मी गाळल्याशिवाय चहा पितो असे तू पाहुण्यांना सांगायचीस आणि हसायचीस.

मधली वर्षे कशी गेली ते लिहिणार नाही. गळ्याला पट्टा झाला, मानेला वजने लावून झाली, मालीश झाले, एका मानसतज्ज्ञाचे तुला माझ्याबद्दल प्रश्न विचारून झाले. "यजमान रागीट आहेत का?" तू म्हणालीस, "आहेत. पण मान त्यांची वळत नाही, माझी वळते." आपण बाहेर आल्यावर तू मला हे सांगितलेस आणि रिक्षात एकटीच हसत बसलीस. हसतानाही दोन बोटे हनुवटीला लावलेली होती. ती बोटे लावली की मान क्षणभर थांबे. ही युक्ती तुला कुणी शिकवली नव्हती. त्यावरही अक्काचे मत होतेच. "काय ते नटीसारखं हनुवटीला बोट लावून उभं राहायचं!"

मग ठाण्याच्या त्या डॉक्टर भेटल्या. मुलीच्या वयाच्या. त्यांनी तुला खोलीत चालायला सांगितले, तुझी बोटे पाहिली आणि विचारले, "हे तुम्ही स्वतःच शोधलंत ना?" तू हो म्हणालीस. त्यांनी कागदावर नाव लिहून दिले, सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम जातात, मनाचा खेळ नव्हे, कुणाची दृष्ट नव्हे, असे स्वच्छ सांगितले. तू कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवलीस आणि जिन्यात थांबून रडलीस. बरी होणार म्हणून नव्हे. बरी होणार नाहीस असेच त्यांनी सांगितले होते. त्या आजाराला नाव होते, म्हणून रडलीस.

आणि इंजेक्शने सुरू झाली. बोटुलिनम टॉक्सिन. मी रसायनशास्त्राचा माणूस, मला ते विष ठाऊक होते. डॉक्टरांना मी मात्रेविषयी इतके प्रश्न विचारले की तू माझा पाय दाबलास. सुईला एक तार जोडलेली असे. सुई दुखऱ्या स्नायूत शिरली की यंत्रातून पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येई. त्या आवाजावरून डॉक्टर जागा निवडत. हे एकदा करून संपणारे नव्हते. दर तीनेक महिन्यांनी, आयुष्यभर. तू घरी येऊन म्हणालीस, "मला आता स्वतःचे ऋतू मिळाले."

ते ऋतू मला पाठ आहेत. आधी कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे, तुझी बोटे हनुवटीवर आणि माझा हात तुझ्या मानेमागे. ठाण्यात उतरल्यावर मिसळ, कारण इंजेक्शननंतर काही दिवस तुला गिळणे जड जाई. तू तर्री मागून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "फाशीच्या कैद्याचं शेवटचं जेवण." पहिल्या आठवड्यात काहीच फरक नसे. मग मान हलकी होई, कधी इतकी दुबळी की उशीवरून डोके उचलताना तू हाताने केस धरायचीस. त्यानंतर खरा वसंत. तू सुई ओवायचीस, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहायचीस, माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहायचीस. पुढे हळूहळू ओढ परत येई. अलीकडे वसंत आखूड होऊ लागला होता. डॉक्टरांनी स्नायू बदलून पाहिले. तू तक्रार केली नाहीस. लग्ने, मुंजी, मुलाचे सुट्टीवर येणे, सगळे तू त्या वसंतात बसवायचीस. इतकी वर्षे माझ्या घरात दिनदर्शिका नव्हती, तुझी मान होती. या सुखाबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आता मानतो.

अक्काला मी सगळे समजावले होते. विष म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, स्नायू म्हणजे काय. तिने एकच शब्द उचलला. कल्याणच्या त्या लग्नात जेवणाच्या पंगतीत ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमची भावजय ठाण्याला जाऊन बोटॉक्स घेते हो! सिनेमातल्या बायका घेतात ना, ते. या वयात सुरकुत्या नकोत तिला."

तू श्रीखंडाची वाटी खाली ठेवलीस. "अक्का, सुरकुत्या आहेत तशाच आहेत हो," तू म्हणालीस. "डॉक्टर बहुधा चुकीच्या जागी टोचतायत."

पंगत हसली. अक्काही हसली. मी उठू लागलो तेव्हा तू माझी बाही धरलीस. परतताना तू मला बजावलेस, "माझं भांडण मी हसून संपवलं. तुम्ही त्यात पडायचं नाही. मी असेपर्यंत अक्कांना एक शब्द बोलायचा नाही. कबूल?"

मी कबूल केले. शब्द पाळला. तू असेपर्यंत.

त्यावरून आपण किती वेळा भांडलो! मागच्या संक्रांतीला तू म्हणालीस, "अक्कांना आपल्याकडे बोलावते." मी म्हणालो, "बोलाव. मी बाहेर जाईन." तू म्हणालीस, "तुमचा राग माझ्या मानेपेक्षा ताठ आहे. त्याला कोण इंजेक्शन देणार?" शेवटी तू बोलावले नाहीस. ते तिथेच राहिले.

आता पुढचे ऐक.

तुझी इंजेक्शनाची पुढची तारीख तुझ्या सुतकात आली. मी ठाण्याला गेलो. निघताना अक्काचा फोन आला होता. "सुतकात दवाखान्यात कशाला जातोयस? फोन कर की." मी म्हणालो, "फोनवर सांगण्यासारखे नाही," आणि ठेवला. डॉक्टर मला पाहून उभ्या राहिल्या. माझ्या मागे दार बंद झाल्यावर त्यांना कळले की मी एकटा आहे. त्या थोडा वेळ तुझ्या जुन्या कागदांकडे पाहत राहिल्या. "त्या नेहमी मला विचारायच्या, जेवलीस का," त्या म्हणाल्या. तू डॉक्टरांना अगं म्हणत होतीस, हे मला ठाऊक नव्हते.

बाहेर बाकावर सुरेखा होती. टिटवाळ्याची. तिची मान उजवीकडे ओढते, तुझी डावीकडे. तुम्ही दोघी त्या बाकावर अशा बाजूंनी बसायचात की मान वळली तरी एकमेकींकडेच वळावी. तिने मला पाहिले आणि माझ्यामागे पाहिले.

"काका, काकू नाही आल्या?"

मी सांगितले. तिने हनुवटीला हात लावला, पण मान थांबली नाही. मग म्हणाली, "पाणी पिताना हनुवटी खाली घ्यायची हे काकूंनीच शिकवलेलं मला. मी ठसकून मरत होते."

मी तिला विचारले, "तुमचे यजमान आहेत ना?"

"आहेत ना. खाली चहा पितायत. का हो?"

"आमच्या घरी सवाष्ण गेली की तेराव्याला तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालतात. ओटी भरतात. तुम्ही याल?"

तिने डोळे पुसले आणि खरोखर हसली. "मी? मला कोण बोलवतं असल्या कामाला, काका! नणंद म्हणते, हिच्या ओटीतला नारळसुद्धा पडेल."

"म्हणूनच बोलावतो आहे."

"मग येते. काकूंसाठी येते. नारळ पडला तर तुम्ही उचलायचा."

प्राचीला आणि मुलाला मी घरी येऊन सांगितले. ती म्हणाली, "बाबा, अक्काआत्यांना वाटतंय पाट त्यांचाच आहे. मला दोनदा फोन झाला, साडी कोणती नेसू म्हणून." मी म्हणालो, "चांगली नेसू दे."

अक्का काल जरीची नेसून आली. या घराची लेक, घरातली सगळ्यात थोरली सवाष्ण, भाऊजी ऐंशी ओलांडून ठणठणीत. पाट तिचाच, यात तिला शंका नव्हती. ती थेट आत आली.

"दत्तू, पाट कुठं मांडलायस? बसते मी."

"मांडला आहे. त्यावर पाहुणी बसली आहे. तू थोरली आहेस. तू तिला कुंकू लाव."

तिने सुरेखाकडे पाहिले. सुरेखा पाटावर अवघडून बसली होती. मान उजवीकडे खेचत होती, ती परत आणत होती, पुन्हा खेचत होती.

"ही कोण?"

"इंदूची मैत्रीण."

"दत्तू," अक्काने आवाज खाली आणला, "अरे, हिची तर मान..."

"हो," मी म्हणालो. मी आवाज खाली आणला नाही.

कल्याणच्या त्या पंगतीतली निम्मी माणसे तिथे होती. अक्काने गुरुजींकडे पाहिले. ते म्हणाले, "सवाष्ण पाटावर बसली आहे. आता उठवता येत नाही. चला, उशीर होतोय." मला त्यांना काही शिकवावे लागले नव्हते. रीतच तशी आहे. अक्काने आयुष्यभर सगळ्यांना रीत शिकवली, काल रीतीने तिला धरले.

ती गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली. करंड्यात अंगठा बुडवला, पुढे केला. सुरेखाची मान वळली. कुंकू भुवईवर गेले. अक्काने हात मागे घेतला, जणू भाजला. तिचा चेहरा मी नीट पाहिला. हे पाहण्यासाठीच मी ते सगळे मांडले होते, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही.

मग सुरेखा अगदी सहज म्हणाली, "आत्या, घाबरू नका हो. दुसऱ्या हाताने हनुवटी धरा माझी. लगेच थांबते."

अक्काने डावा हात पुढे केला. तुझ्या हनुवटीला तिने कधी हात लावला नव्हता. सुरेखाची हनुवटी तिने धरली. मान थांबली. अक्काने पदराने भुवई पुसली आणि कपाळाच्या मधोमध गोल कुंकू लावले. त्याला क्षणापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"एवढंच?" अक्का म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळले नाही.

"एवढेच," मी म्हणालो.

ओटी भरताना नारळ खरोखर घरंगळला. सुरेखा माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, उचला." मी उचलला. ती पुरणपोळी सावकाश, बारीक घास करून जेवली. पाणी पिताना हनुवटी खाली घेतली. मला तिथून उठून गॅलरीत जावे लागले.

माणसे पांगल्यावर अक्का लिफ्टपाशी थांबली. मी तिला पोहोचवायला गेलो नव्हतो, तिनेच मला बोलावले. तिच्या हातात तो करंडा होता.

"तुला वाटतं मी तिला हिणवलं," ती म्हणाली. "नाही रे. त्या दिवशी कुंकू पुसलं गेलं ना, मला धस्स झालं. सवाष्णीचं कुंकू असं फरफटलं की यजमानाला वाईट. वर्षभर मी तुझ्या नावाने सोमवार केले. पुन्हा तिच्या कपाळाला हात लावायचं धाडसच झालं नाही. तुझंच काही बरंवाईट झालं असतं तर? पाठचा भाऊ तू माझा."

"मी जिवंत आहे, अक्का," मी म्हणालो. "ती गेली."

लिफ्ट आली आणि रिकामीच खाली गेली.

इंदू, हे तुला ठाऊक होते काय? मी सकाळपासून याच प्रश्नापाशी बसलो आहे. तुला माणसांचे मन पटकन कळे. अक्का तुला दाराबाहेर ठेवत होती ती माझ्या आयुष्यासाठी, हे तुला कळले असेल, आणि म्हणून तू माझ्याकडून तो शब्द घेतला असशील. मला कळले असते तर मी तो उपकार अक्काच्या अंगणात नेऊन टाकला असता, हेही तुला ठाऊक असेल. तू मला ते कळू दिले नाहीस. तसे असेल तर माझा तुझ्यावरही राग आहे. माझ्या जिवासाठी तुझे कपाळ इतकी वर्षे रिकामे राहिले आणि त्यात मला कुणी विचारले नाही. न तिने, न तू. मी नको म्हणालो असतो. एका हनुवटीला हात लावण्याची किंमत म्हणून मला माझे आयुष्य नको होते.

अक्काला वाटले की हे सांगितल्यावर मी विरघळेन. पण कारण समजले म्हणून अपराध लहान होत नाही. उलट तो आता आमच्याच रक्तातून झाला, असे ठरले. पंगतीतल्या त्या बोटॉक्सला तर सोमवारांचेही कारण नव्हते. ते मी तिला विचारले. तिने मान खाली घातली. "बोलून गेले," म्हणाली. या दोन शब्दांवर तू तिला सोडले असतेस, घरात घेऊन चहा दिला असतास, तोही त्या गाळणीतून गाळून.

दुसऱ्यांदा लिफ्ट आली तेव्हा तिने आत पाऊल ठेवले आणि दार हाताने अडवले. डोळे पाण्याने भरले होते.

"दत्तू, पितृपक्षात अविधवा नवमीला तिचं करशील ना? मी येऊ?"

प्राची मागे उभी होती. ती माझ्या बाहीला हात लावून राहिली.

"ये," मी म्हणालो. "पाट सुरेखाचा. कुंकू तू लावायचेस. दरवर्षी. हात चालतो आहे तोपर्यंत."

अक्काने मान हलवली. होकाराची. लिफ्टचे दार लागले.

मला ठाऊक आहे, तू याला क्षमा म्हणशील. तसे म्हणू नकोस. ही शिक्षा आहे, आणि मी ती कमी करणार नाही.